अर्धा तंबू

राजूर, ता. अकोले, जि. अहमदनगर
शुक्रवार, दिनांक ९ फेब्रुवारी १९७३

सौ. दया कृपादान आढाव हिस,

सप्रेम सलाम.

तुझे पूर्ण नाव लिहिण्याचे प्रयोजन असे की, हल्ली ते लिहिण्याचा प्रसंग मला येत नाही. शेवटचे लिहिले ते पाथरवटाला द्यावयाच्या कागदावर. तो कागद वाचून पाळकसाहेबांनी ‘सौ.’च्या जागी ‘कै.’ सुचविले होते. मी म्हणालो, पती हयात असेपर्यंत ‘सौ.’ काढण्याचे कारण मला दिसत नाही. अशा बाबतीत माझ्याशी वाद घालण्याचे लोकांनी आता सोडून दिले आहे.

इकडील सर्व क्षेम आहे. असे लिहिण्याचा प्रघात आहे, तो पाळला. कॉलेजात तपासणी होऊन गेली. तुझा भाऊ डेव्हिड रोज संध्याकाळी डबा पोचवितो आणि मी तो संपविला की नाही हे पाहण्यासाठी दाराशी रेंगाळतो. रविवारी मी आपल्या ठरलेल्या बाकावर बसतो आणि गायनाच्या वेळी सर्वांबरोबर उभा राहतो. पुस्तक उघडतो. तोंड उघडत नाही. याबद्दल अद्याप कोणी काही बोलले नाही.

पाऊस झाला नाही, हे तुला माहीत असण्याचा संभव नाही. तू गेलीस त्या आठवड्यात चार शिंतोडे पडले तेवढेच. संगमनेरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसे खडी फोडीत बसलेली दिसतात. एस.टी.तून पाहताना प्रथम वाटते की बाजार भरला आहे.

काल दुपारी राजूरला उतरलो. झुंबरबाई अंगणातच होत्या. तुझी वार्ता त्यांना डेव्हिडने पोस्टकार्डाने कळविली होती, त्यामुळे मला काही सांगावे लागले नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग चहा आणला, आणि मी कप खाली ठेवल्यावर मुद्द्यावर आल्या.

“मास्तर, म्या काय तुमाला जा म्हनत न्हाई. पर आमच्या राहीचं बिऱ्हाड तिसगावास्नं आलंय. तिकडं प्यायाला पानी न्हाई. तिची लेकरं माझ्या पडवीत थंडीनं आखडत्यात, आन् तुमची खोली आठ म्हैनं झालं कुलपात. तुमी एकदा व्हय का न्हाई सांगा.”

“मंगळवारी सांगतो,” मी म्हणालो.

“मंगळवारी काय व्हनार हाय?”

“मी गडावर एकटा जाऊन येतो. जमले तर खोली ठेवीन. जमले नाही तर किल्ली तुमची.”

“येकलं?” त्यांनी मला खालून वर पाहिले. “आवो, बाई हुत्या तवा तुमाला ह्याच खोलीत मिठाचा पुडा सापडत नव्हता.”

राहीबाई पडवीतून हसली. आईने तिला दटावले, पण स्वतःही हसल्या. मला राग आला नाही. गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी इतक्या मोकळेपणाने कोणी बोललेले नव्हते.

तेव्हा प्रश्न असा आहे. दिवाळीत, नाताळात आणि उन्हाळ्यात आपण नगरहून येथे येत होतो, या कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे असे, आणि येथून डोंगरात जात होतो. यापलीकडे आपल्याला काही नव्हते. मूल नव्हते, शेत नव्हते. हे चालणे एका माणसाला पुढे चालविता येते की नाही, एवढेच मला पाहावयाचे आहे. येत नसेल तर नगरच्या घरी भिंतीकडे तोंड करून बसण्याशिवाय काय उरते, याचा विचार मी अद्याप पूर्ण केलेला नाही.

खोली जशीच्या तशी आहे. दोन खुंट्या, दोन पिशव्या. तुझी डावीकडच्या खुंटीवर आहे. मागच्या उन्हाळ्यात तू टांगलीस तशीच, पट्टा एकदा पिळलेला. मी तिला हात लावलेला नाही.

माझी पिशवी आज भरली. भरताना आपण ती इतकी हलकी कशी करीत आणली ते आठवत होतो. पुण्याच्या डॉक्टरांनी तुझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले होते. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप गेली आहे, डोंगर सोडा, असे ते म्हणाले. तू त्यांना म्हणालीस, “डोंगर नाही सोडायची. ओझे सोडीन.” मला वाटले, प्रश्न मिटला, सगळे ओझे मी घेईन. परंतु तू मुलींच्या शाळेत गाईडचे पथक चालविणारी बाई. आपली पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर देणे तुझ्या नियमात बसत नव्हते. प्रयोगशाळेतला ताणकाटा मी आणून आढ्याला टांगला तो तुझ्याच सांगण्यावरून. दोन्ही पिशव्यांचा काटा एकाच रेघेवर आला पाहिजे. एकदा मी पिठाचा डबा गुपचूप माझ्याकडे घेतला तर तू अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर, गर्दीच्या मधोमध, दोन्ही पिशव्या फरशीवर पालथ्या केल्यास आणि पुन्हा वाटणी केलीस. एक म्हातारा म्हणाला, “भाऊबंदकी हाय जनू!” तू त्याला म्हणालीस, “नाही बाबा, संसार आहे.”

त्या दिवशी मला कळले की तुझे ओझे कमी करण्याचा एकच मार्ग मोकळा आहे. दोघांचेही कमी करावयाचे.

मग मी त्याचा अभ्यास केला. कॉलेजातले सहकारी पदार्थविज्ञानात जे काही करीत असतील ते करोत. मी रॉकेलची बाटली किती भरावी याचा विचार करीत होतो. घोंगडी गेली, कारण ती दवात भिजली की दुप्पट जड होते. तिच्या जागी भिंगारच्या बाजारात लष्करी मोडीच्या मालात मिळालेले पॅराशूटचे कापड आले. त्यात सावरीचा कापूस भरून तू दोघांची मिळून एक रजई शिवलीस. चुरगाळली की ती एका पातेल्यात मावे. पितळेची भांडी गेली, हलकी जर्मनची आली. चामड्याचे बूट गेले, टायरचे तळ लावलेले किरमिजी कॅनव्हासचे आले आणि शाळेतल्या मुलींनी तुला त्यावरून चिडविले. तंबूही भिंगारचाच. शिधा डब्यांतून काढून कापडाच्या पुरचुंड्यांत घातला. चमच्याच्या दांड्याला मी भोके पाडली. झुंबरबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, “बाईला बी काट्याला टांगून बगा की, मास्तर!” तू त्यांना म्हणालीस, “टांगतील हो. भोके पण पाडतील.”

हे सर्व विनोदी होते. मीही हसत असे. परंतु प्रत्येक वेळी काटा थोडा वर सरकला की चढावर तुझ्या श्वासाचा आवाज मी मागून ऐकत असे, आणि तो थोडा कमी झाल्यासारखा वाटे. तो खरोखर कमी होत होता काय, हे मला आता कधीही कळणार नाही.

वॉर्डात, बोलणे बंद होण्यापूर्वी, तू विचारलेस, “अहो, आता आणखी काय काढता येईल?” मी विचार करून सांगितले, “पातेल्याचे झाकण काढू. ताटली झाकण म्हणून चालेल.” तू इतकी हसलीस की परिचारिका धावत आली आणि तिने मला बाहेर काढले.

असो. पिशवी भरली. मुद्दाम विचार करावा लागला नाही. कोणती वस्तू कोठे जाते हे हाताला पाठ आहे. काट्याला लावली. काटा नेहमीच्या रेघेवर आला, केसाचाही फरक नाही. मला समाधान वाटले. ही भावना मी ओळखली, कारण ती बऱ्याच दिवसांत भेटली नव्हती.

शिधा मात्र जाण्यापुरता आणि वरच्या एका मुक्कामापुरता घेतला आहे. परतीचा धरलेला नाही. हलकेपणाचा विचार शेवटपर्यंत नेला तर हे ओघानेच येते. यावर अधिक लिहीत नाही.

उद्या पहाटेच्या गाडीने निघतो.

तुझा आज्ञाधारक पती,
कृपादान येशूदास आढाव


राजूर
मंगळवार, दिनांक १३ फेब्रुवारी १९७३

सौ. दया हिस,

सलाम.

मी परत आलो आहे. हे प्रथम लिहितो, कारण मागील पत्राचा शेवट वाचून तुला शंका आली असेल. तुला शंका येत असत, आणि त्या बहुधा खऱ्या असत.

परतीचा शिधा मी विसरलो नव्हतो.

गाडी जेथवर जाते तेथवर गेलो, रस्त्यात एक रात्र शाळेच्या ओट्यावर काढली, आणि रविवारी पाचनईच्या वाटेने चढलो. ओढा कोरडा आहे. ज्या कातळावर आपण पाय बुडवून बसत होतो तेथे शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे उडत होते. चढ मात्र मला जाणवला नाही. पिशवी पाठीवर आहे की नाही इतकी ती हलकी वाटत होती, आणि मी मनाशी म्हणत होतो की हे शास्त्र अखेर सिद्धीस गेले. ज्याच्यासाठी ते उभे केले ते माणूस नसताना ते पूर्णत्वाला पोहोचले, एवढीच काय ती त्रुटी.

दिवस कलताना आपल्या जागेवर आलो. देवळाच्या खालच्या अंगाला, टाक्यापलीकडे, तीच सपाट जागा. पिशवी सोडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडली.

तंबूचा अर्धा भाग. बटणांचा. एक काठी. रॉकेलची बाटली. पातेल्याचे झाकण. साखरेची पुरचुंडी. खाली अंथरावयाचे मेणकापड. पीठ, मीठ, भोके पाडलेला चमचा.

स्टोव्ह नव्हता. पातेले नव्हते. काड्याची पेटी नव्हती, चहा नव्हता, रजई नव्हती. तंबूचा काजांचा भाग आणि दुसरी काठी नव्हती. ते सर्व राजूरला, डावीकडच्या खुंटीवर होते.

दया, मी माझ्या वाटणीची पिशवी भरली होती. काटा बरोबर आला यात नवल ते काय! तो अर्ध्या सामानाचा काटा होता.

तुझी पिशवी मी उघडली नाही, म्हणून तिच्यात काय असते हा विचारच माझ्या मनात आला नाही. स्टोव्ह तुझ्याकडे आणि रॉकेल माझ्याकडे ही वाटणी तूच केली होतीस. मी तेव्हा आक्षेप घेतला होता की डोंगरात कोठे ताटातूट झाली तर दोघांचेही अडेल. तू म्हणालीस, “म्हणून तर. ताटातूट करायचीच नाही.” भिंगारच्या त्या दुकानदाराने तंबू विकताना हेच सांगितले होते. पलटणीत एका शिपायाला अर्धाच देतात. दुसरा अर्धा ज्याच्याकडे असेल त्याच्या शेजारी त्याने झोपावे.

मी तो अर्धा भाग पसरला आणि त्याच्या शेजारी बसलो. सूर्य कड्याच्या बाजूला उतरत होता. वारा सुटला. मला भीती वाटली नाही. खरे सांगावयाचे तर मला थोडे सोपे वाटले, की सर्व गोष्टी आपोआपच एका दिशेला चालल्या आहेत.

इतक्यात टाक्याकडून कोणीतरी हाक दिली.

“कोन हाय त्ये? ... आरं तिच्या! मास्तर का?”

पाचनईचा सहादेव. तुला आठवत असेल, तू त्याच्या बायकोच्या कापलेल्या हाताला पट्टी बांधून दिली होतीस. खाली पाणी राहिले नाही म्हणून तो आणि बनुबाई म्हशी घेऊन वर येऊन राहिले आहेत. गुहेच्या तोंडाशी त्यांनी कुडाचा आडोसा केला आहे.

तो जवळ आला, उकिडवा बसला आणि वाटेकडे पाहू लागला.

“बाई मागं हायेत व्हय?”

त्याने माझ्या वस्तूंवर नजर फिरवली आणि त्याला हसू फुटले.

“राकेल हाय, इष्टो न्हाई. झाकन हाय, भांडं न्हाई. आन् ह्यो तंबू बी आर्धाच. म्हंजी बाकीचं समदं बाईंकडं! मास्तर, बायकूला मागं टाकून म्होरं पळालाव व्हय? आज तुमची काय धडगत न्हाई बगा.”

त्याची चूक नव्हती. माझ्यासमोर मांडलेल्या प्रत्येक वस्तूची दुसरी बाजू वाटेवर कोठेतरी असलीच पाहिजे, असेच ते दिसत होते. कोणाही शहाण्या माणसाने तेच अनुमान काढले असते.

“येत्यात न्हवं?” त्याने विचारले.

मी म्हणालो, “येईल.”

हा शब्द मी उच्चारला. मी खोटे बोलत नाही, हे तुला माहीत आहे. उच्चारताना तो मला खोटा वाटला नाही.

सहादेव उठला आणि उताराच्या टोकाशी जाऊन तोंडाभोवती हात धरून ओरडला. “ओ बाईऽ! हिकडं याऽ! मास्तर हितं हायेतऽ!” दरीतून तेच शब्द परत आले. त्याने पुन्हा हाक दिली. तुला अशी हाक कोणी मारलेली मी सप्टेंबरनंतर प्रथमच ऐकली. मीही वाटेकडे पाहू लागलो. पाहत होतो, हे लिहून ठेवतो.

त्याने मला आडोशाकडे नेले. बनुबाई चुलीशी होत्या. त्यांनी पिठाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि आणखी एक गोळा मळला. सरकारी दुकानातली तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी उलटताना तुटते. त्यांनी एक भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि एक फडक्यात गुंडाळून चुलीच्या कडेला ठेवली.

“बाईस्नी ऊनऊन लागंल,” त्या म्हणाल्या. “दमून येतील.”

मी भाकरीला हात लावला नाही. अंधार पडू लागला. सहादेव दोनदा बाहेर जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

“मास्तर, इतका येळ न्हाई लागायचा. बाईच्या काळजाला दुखनं हाय न्हवं? त्याच बोलल्या हुत्या हिला. तुमी त्यास्नी येकलं सोडून आलाव कसं?”

“तुमी जा की खाली,” बनुबाई त्याला म्हणाल्या. “कुटंतरी बसून राह्यल्या असतील.”

त्याने घोंगडी डोक्यावर ओढली, काठी घेतली, चुलीतले एक जळते लाकूड उचलले आणि तो निघाला. तू ती वाट ओळखतेस. कातळाच्या कडेने जेथे एकच पाऊल ठेवता येते, तेथे दिवसाही आपण एकमेकांचा हात धरीत होतो. त्या वाटेने, विझत्या लाकडाच्या उजेडात, तो माणूस तुला आणावयास चालला होता.

मी उभा राहिलो. “सहादेव, थांब.”

“तुमी बसा. म्या घिऊन येतो.”

“ती येणार नाही. ती वारली.”

पाळकसाहेब या प्रसंगी जे शब्द वापरतात ते मला आठवले नाहीत. हे दोनच शब्द आले. पाथरवटाकडे कागद दिला होता, झुंबरबाईंना पोस्टकार्ड गेले होते, कॉलेजात नोटीस लागली होती. माझ्या तोंडाने मी ते कोणालाही सांगितले नव्हते. एकदाही नाही. ते उच्चारल्यावर काही होईल असे मला वाटत होते. काही झाले नाही. लाकूड त्याच्या हातात जळत राहिले.

“कदी?” त्याने विचारले.

“सप्टेंबरात.”

“मंग येईल म्हनून का म्हनलाव?” तो रागावला होता, आणि त्याचा आवाज चढला. “म्या तिला हाका मारल्या की वो! मेल्या मान्साला हाका मारल्या म्या!”

तो चुलीशी येऊन बसला आणि त्याने लाकूड परत आत सारले. बऱ्याच वेळाने बनुबाईंनी फडक्यात गुंडाळलेली भाकरी उचलली. मला वाटले, त्या ती सकाळसाठी ठेवतील; हल्लीच्या दिवसांत कोणीही तेच केले असते. त्यांनी ती माझ्यापुढे, पहिल्या भाकरीवर ठेवली.

“तिच्या वाटनीची हाय,” त्या म्हणाल्या. “तुमीच खायाची.”

मी ती खाल्ली. आधी तुझी, मग माझी. तुझ्या वाटणीतले मी यापूर्वी काही घेतले तेव्हा तू एस.टी. स्टँडवर पिशव्या पालथ्या केल्या होत्यास. या वेळी वाटेवर कोणी आले नाही. परतीसाठी न घेतलेला शिधा मला अशा रीतीने मिळाला. त्याबद्दल त्या दोघांविषयी कृतज्ञता वाटावयास हवी, असे मला वाटते. ती वाटत नाही. पुढे कधी वाटली तर कळवीन.

त्यांनी मला घोंगडी दिली. ती जड होती.

सकाळी उठलो तेव्हा माझी पिशवी बांधून झालेली होती आणि ती सहादेवच्या खांद्यावर होती. “ह्यात काय हाय का न्हाई?” तो म्हणाला. “लेकराचं दप्तर बी यापरीस जड आसतं.” मला कड्याच्या बाजूला जावयाचे होते. मी तसे बोललो. त्याने माझ्याकडे नीट पाहिले, आणि तो पाचनईच्या वाटेने चालू लागला. पिशवी त्याच्याकडे असल्यामुळे मला त्याच्या मागून जाणे भाग पडले. पायथ्याशी आल्यावर त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “आता येकलं यिऊ नगा.” एवढेच बोलून तो वर परत गेला. त्याला म्हशी सोडावयाच्या होत्या.

आज सकाळी राजूरला पोहोचलो. झुंबरबाईंनी अंगणातूनच विचारले, “जमलं का वो?”

“नाही,” मी म्हणालो.

त्या खराटा घेऊन आल्या आणि माझ्यासाठी दाराबाहेर थांबल्या.

मी तुझी पिशवी उघडली. पट्ट्याचा पीळ आधी सोडविला. स्टोव्ह, पातेले, रजई, काड्याची पेटी, चहा. तंबूचा काजांचा भाग, एक काठी. पट्टीचे कापड, जे सहादेवच्या बायकोच्या हाताला बांधल्यावर उरले होते. आणि आतल्या नाडीला बांधलेली तुझी किल्ली. तू ती गाईडच्या गाठीने बांधली होतीस. मी कात्री मागणार होतो. मग आठवले की ही गाठ दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलली की सैल होते. तशी ती झाली. पिशवी काट्याला लावावी असे मनात आले होते. लावली नाही. काटा काढून ठेवला.

राहीबाई खडीच्या कामावर जाते. लेकरे तेथे उन्हात, दगडांच्या सावलीला पडून असतात, असे झुंबरबाई म्हणाल्या. मी तंबू अंगणात आणला.

“ह्ये दोन तुकडं कसं जोडायचं वो?” राहीबाईने विचारले.

मी दाखविले. वरून आरंभ करावयाचा आणि एकेक बटण काजात घालीत खाली यावयाचे. एका ठिकाणी बटण तुटले होते तेथे तू माझ्या जुन्या सदऱ्याचे लावले होतेस. ते काजाला लहान पडते म्हणून बोटाने दाबून धरावे लागते, हेही तिला सांगितले. काठ्या रोवल्या. लेकरे ताबडतोब आत शिरली आणि एकमेकांना ढकलू लागली. “बगा, पोरांना खेळ झाला,” झुंबरबाई म्हणाल्या, आणि मी हसावे म्हणून माझ्याकडे पाहिले. तंबू पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी आला यात मला आनंद व्हावयास हवा होता. मी तो आतून शोधला. तेथे नव्हता.

स्टोव्ह आणि भांडी झुंबरबाईंना दिली. पातेल्याला झाकण बसते याची खात्री करून दिली. रजई लेकरांना दिली. तुझी पिशवी रिकामी करून माझ्या पिशवीत घातली आहे. एवढे घेऊन नगरला जातो. त्यात उचलण्यासारखे काही नाही.

हे पत्र मोकळ्या खोलीत जमिनीवर बसून लिहीत आहे. खुंट्या तेवढ्या राहिल्या. उजेड चांगला येतो. ही खोली घेताना तू तेच म्हणाली होतीस. बाहेर राहीबाईचे सामान येऊन पडले आहे आणि ती मी उठण्याची वाट पाहत आहे, म्हणून आवरते घेतो.

चालणे एका माणसाला पुढे चालविता येते काय, हा माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर तू ज्या दिवशी वाटणी केलीस त्याच दिवशी दिले होतेस. मला ते आता कळले, आणि कळून त्याचा काही उपयोग नाही.

अधिक काय लिहावे. सलाम.

तुझा,
कृपादान

ता. क. एस.टी. स्टँडवरून लिहितो. झुंबरबाई म्हणत होत्या की आता कुलूप कशाला, आम्ही लगेच आत येणार आहोत. मी म्हणालो की आपण खोली घेतली तेव्हा ती कुलूपबंद होती, तशीच परत केली पाहिजे. दार ओढून घेतले, कुलूप लावले, हिसका देऊन पाहिले. दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. माझी, आणि तुझी.